आतड्यातला पाहुणा आणि कायेटानचा टुबा

आमच्या ओबरश्वेंट गावात माणसं दोनच प्रकारची. बँडमध्ये असलेली आणि बँडमध्ये घेण्यासारखी नसलेली. मी दुसऱ्या प्रकारातला. लहानपणी माझ्या हातात क्लॅरिनेट दिली होती. मी गोठ्याशेजारी बसून सराव करायला लागलो आणि गाईनं पान्हा चोरला. वडिलांनी क्लॅरिनेट परत केली, गाय ठेवली.

माझ्या बहिणीचा, बुर्गीचा, नवरा कायेटान हा मात्र जन्माला आला तोच बँडमध्ये. आणि बँडमध्येही कुठं, तर टुब्यावर. टुबा म्हणजे मांडीवर लेकरासारखं घेऊन फुंकायचं ते पितळी धूड. बाकीचे लोक गाणं वाजवतात, टुबावाला त्या गाण्याखाली जमीन घालतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण तो एका शुक्रवारी तालमीला आला नाही की सगळा बँड निसरड्या बर्फावर चालल्यासारखा वाजायला लागतो. कायेटान स्वभावानंही तसाच. बोलायचा कमी, पण तो बसलाय एवढ्यानंच खोली स्थिर व्हायची.

पोटापाण्यासाठी तो गावाच्या सांडपाणी केंद्रात होता. गाव त्या केंद्राला नुसतं ‘खालची टाकी’ म्हणतं. तिथं दोघंच माणसं, कायेटान आणि सेराफिन. सेराफिन बँडमध्ये बॅरिटोन वाजवतो. बॅरिटोन हा टुब्याचा धाकटा भाऊ, जरा हलका, जरा जास्त बडबडा. सेराफिनही तसाच. दिवसभर दोघांनी मिळून गावाची घाण उपसायची, संध्याकाळी एका बाकावर बसून बिअर प्यायची आणि शुक्रवारी तालमीला शेजारच्या खुर्च्यांवर बसायचं. बुर्गी म्हणायची, “माझं लग्न कायेटानशी झालं, पण कायेटानचं सेराफिनशी झालंय.”

मग कायेटानचे सांधे दुखायला लागले.

दुखणंही विचित्र. वाईट भाडेकरूसारखं घर बदलायचं. आज गुडघ्यात, पुढच्या आठवड्यात मनगटात, मग घोट्यात, मधेच महिनाभर गायब. खोऱ्यातल्या डॉक्टरांनी संधिवात ठरवला. गोळ्या झाल्या, त्या पुरेनात तेव्हा इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर भला माणूस. त्यानं समजावून सांगितलं, “तुझ्या शरीराचे पहारेकरी चुकून घरच्याच माणसांना बडवतायत. त्यांना जरा झोपवू या.”

पहारेकरी झोपले. आणि कायेटान वाळायला लागला.

आधी गंमत होती. बुर्गीनं त्याच्या पट्ट्याला नवीन भोकं पाडली. बँडच्या गणवेशातली कातड्याची विजार त्याच्या कमरेवर पोत्यासारखी लोंबायला लागली. आमच्या गावात आजाराचं निदान बेकरीत होतं, त्याप्रमाणे तेही झालं. पहिल्या मताचा गट म्हणाला, लपून पितो. दुसरा म्हणाला, पोटात जंत. तिसरा गट हळू आवाजात म्हणाला, बुर्गीचे डंपलिंग, म्हणजे तिच्या हातचे उकडलेले पिठाचे गोळे. बुर्गीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती बेकरीत जाऊन पाव न घेता तब्बल अर्धा तास उभी राहिली. कुणाची काही बोलायची छाती झाली नाही.

पुढं त्याला जुलाब लागले ते थांबेनात. खाल्लेलं अंगी लागेना. गाल आत गेले, हात काठीसारखे झाले. एका शुक्रवारी तालमीत तो टुबा मांडीवर घेऊन बसला आणि पहिल्या सुरालाच त्याचा दम संपला. त्यानं वाद्य शांतपणे खाली ठेवलं, टोपी घातली आणि घरी आला. त्या दिवसापासून बेकरीतले विनोद बंद झाले. आमच्या गावानं एखाद्याची चेष्टा थांबवली की त्या माणसानं घाबरावं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याच्या तोंडातून नळी घालून आतड्याचे तुकडे काढले. कर्करोग शोधत होते. निकाल यायला वेळ होता. कायेटान घरी पलंगावर पडून होता आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर टुबा बसला होता, भेटायला आलेल्या मामासारखा. एका दुपारी सेराफिन आला. मी तिथंच होतो, शेगडीपाशी लाकडं रचत.

“कसा आहेस रे?”

“मजेत. बघ ना, कंबर कशी पोरीसारखी झालीय.”

सेराफिन हसला, पण ते हसणं ओठांच्या पुढं काही गेलं नाही. तो टुब्याच्या कळांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “याचे व्हॉल्व्ह अडकत असतील आता. न वाजवता पडून राहिलं की अडकतातच. मी नेतो, साफ करून आणतो.”

“काही अडकत नाहीत. परवाच बुर्गीनं तेल घातलंय.”

“तरी नेतो. तू उठशील तेव्हा तयार असेल.”

“मी उठीन तेव्हा,” कायेटान म्हणाला. त्याला ते बोलणं आवडलं. त्यानं स्वतःच्या हातानं टुबा पुसला आणि सेराफिनच्या हवाली केला. तो गेल्यावर मला म्हणाला, “बघ मेहुण्या. सगळं गाव मला निरोप द्यायच्या तोंडानं येतं. हा एकटाच असा आहे, की मी उठणार हे धरून चाललाय.”

इस्पितळातून बोलावणं आलं ते एका शुक्रवारी. मीच गाडीतून नेलं. त्याला पुढच्या सीटवर बसवून दोन्ही बाजूंना उशा लावाव्या लागल्या, नाहीतर वळणावर तो कलंडायचा. डॉक्टर हायडेगर नावाची तरुण बाई होती. तिच्यापुढं कागद होते आणि चेहऱ्यावर न लपणारा आनंद होता. मला जरा रागच आला. इकडं माणूस अर्धा झालाय आणि ही हसतेय.

“चांगली बातमी आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला आजार आहे.”

“ते मला वाटलंच होतं,” कायेटान म्हणाला.

“तसं नाही. नाव असलेला आजार आहे. आणि औषध असलेला. कर्करोग नाही, संधिवात तर कधी नव्हताच. व्हिपल नावाचा रोग आहे. मी पुस्तकात वाचला होता, माणसात पहिल्यांदाच बघतेय.”

मग तिनं सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं असं. आतड्याच्या तुकड्यात खूप फुगलेल्या पेशी दिसल्या. काहीतरी गिळून ठेवलंय, पण पचवता येत नाहीय, अशा. त्यांना संशय आला. एक जंतू असतो, मातीत असतो, सांडपाण्यात असतो. तो इतका हळू वाढतो की प्रयोगशाळेत वाढवायचा म्हटलं तर डॉक्टर निवृत्त होईल. म्हणून मग तो तुकडा पीसीआरला पाठवला.

“करोनात नाकात काडी घालायचे, ते?” मी विचारलं.

“तेच तंत्र, फक्त शोधायचं काहीतरी वेगळं. त्या जंतूच्या डीएनएचा एवढासा कण जरी तिथं असला, तरी यंत्र त्याच्या प्रतीवर प्रती काढत जातं. शेवटी इतक्या होतात की दिसल्याशिवाय राहत नाही.”

मला हे ताबडतोब पटलं. आमची बेकरी हेच तर करते. सकाळी एका बाईच्या तोंडी एवढासा कण असतो, दुपारपर्यंत घरटी एक प्रत.

“म्हणजे ती इंजेक्शनं...” कायेटान म्हणाला.

डॉक्टर बाईंनी शब्द जपून निवडले. “त्यांच्यामुळे जंतूला मदत झाली असणार. पहारेकरी झोपवले आणि चोर घरातच होता. पण बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. अनेकांच्या बाबतीत असं होतं.”

“अनेकांच्या बाबतीत,” कायेटान स्वतःशीच म्हणाला. एवढी वर्षं आपला हात आपण होऊन पुढं करून त्यानं ती इंजेक्शनं घेतली होती, आणि दर वेळी डॉक्टरला थँक्यू म्हटलं होतं.

“सोमवारी दाखल व्हा. दोन आठवडे सलाइनमधून औषध, मग वर्षभर गोळ्या.”

कायेटाननं एकच प्रश्न विचारला. “वाजवता येईल?”

“काय वाजवता?”

“टुबा.”

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. बहुतेक टुब्याचं वजन आणि त्याचं वजन मनात तोललं. “येईल,” ती म्हणाली. “वजन परत येईल, दम परत येईल. वेळ लागेल.”

परतीच्या वाटेवर तो बोलायला लागला. कायेटान, जो लग्नाच्या भाषणातही दोन वाक्यांवर थांबला होता, तो खोरं संपेपर्यंत बोलत होता. सेराफिनला आधी सांगायचं. आज शुक्रवार, म्हणजे तालीम असेल. वर जिना चढवशील ना मेहुण्या? मी दारात उभा राहून फक्त ‘सोमवारी दाखल’ एवढंच म्हणीन, बाकीचं त्यांना कळेल. मग म्हणाला, नको, काहीच म्हणणार नाही, नुसता टुबा मागीन.

गावात शिरलो तेव्हा उजेड होता. बँडची तालीम अग्निशमन दलाच्या घराच्या माडीवर होते आणि उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. मी खिडकीखालीच गाडी लावली. वरून वाजवणं ऐकू येत होतं. मला सुरातलं कळत नाही, पण हे संथ होतं, जड होतं, पायाला शिसं बांधून चालल्यासारखं. मी कायेटानकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी नुसता लक्ष देऊन ऐकत होता.

“शोकाचा मार्च,” तो म्हणाला. “कोण गेलं?”

“कुणी नाही गेलेलं. मला कळलं असतं.”

वर बँडमास्तर रोमेडनं बँड थांबवला. त्याचा आवाज स्पष्ट आला, “पुन्हा वरपासून. आणि शवपेटी चर्चच्या दारातून बाहेर येईपर्यंत ढोल नाही म्हणजे नाही! मागच्या वेळची बेअब्रू पुरे झाली. कायेटानच्या वेळी मला एकही चूक नकोय.”

माझा हात गाडीच्या चावीवर गेला. मला वाटलं, सुरू करावी आणि सरळ पुढं निघून जावं. पण कायेटाननं दार उघडलं होतं.

जिन्यात मी त्याला कोपरापासून धरलं होतं, पण खरं सांगायचं तर तोच मला वर नेत होता. एवढी ताकद त्याला कुठून आली कोण जाणे. त्यानं दार ढकललं. बँड एकदम थांबला नाही. ज्याला ज्याला तो दिसला, तो तो थांबत गेला. पुढच्या बासऱ्या गेल्या, मग क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट, आणि शेवटी दाराकडे पाठ असलेला ढोलवाला एकटाच दोन ठोके जास्त वाजवून मागं वळला.

कायेटानच्या खुर्चीत सेराफिन बसला होता. मांडीवर टुबा.

रोमेडनं काठी खाली ठेवली. “कायेटान! आम्ही जरा सराव...”

“ऐकला.”

“हे बघ, मागच्या मयताला आपली काय शोभा झाली ते तुला ठाऊक आहे. पलीकडच्या गावचे लोक कबरीपाशी उभे राहून हसले. तुझ्या वेळी तसं व्हायला नको म्हणून. तुझ्यावर आमचा जीव आहे म्हणूनच ना! दुसऱ्या कुणासाठी आम्ही इतके शुक्रवार घालवले असते का?”

रोमेड शाळामास्तर. तो मनापासून बोलत होता, हेच त्यातलं भयंकर.

“इतके म्हणजे किती?” कायेटाननं विचारलं. मग तो म्हणाला, “मी मरत नाहीय. आजार सापडलाय. औषध आहे.”

सगळे उठले, ओरडले, कुणी टाळ्या वाजवल्या. आनंद खरा होता, मी शपथेवर सांगतो. पण त्या आनंदाच्या मागच्या बाजूला, अगदी क्षणभर, मी आणखी एक गोष्ट बघितली. लग्नाला कपडे शिवून तयार बसलेल्या माणसांना ‘लग्न पुढं ढकललंय’ म्हणून सांगितल्यावर दिसते ती. मी बघितली तर कायेटाननं बघितली नसेल असं नाही.

तो सेराफिनकडे वळला. “व्हॉल्व्ह साफ झाले?”

सेराफिनचे ओठ टुब्याच्या मुखनळीच्या दाबानं लाल झाले होते. “झाले,” तो म्हणाला.

टुबा न घेताच कायेटान खाली आला.

पुढचं औषधाचं काम औषधानं केलं. सलाइनच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यानं नर्सकडे सूप मागितलं. बुर्गीनं मला फोन करून ही बातमी सांगितली आणि मग फोनवर नुसती रडत राहिली. घरी आल्यावर तो रोज थोडा थोडा भरत गेला. पट्ट्याची भोकं उलट क्रमानं मागं पडत गेली. दुखणारे सांधे एकामागून एक गप्प झाले. गावानं त्याची पुन्हा चेष्टा सुरू केली, म्हणजे आता धोका नव्हता. बेकरीत तर सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं की हा काहीतरी जंतू आहे.

सेराफिन रोज यायचा. कधी घरचं चीज, कधी अंडी. बुर्गी चीज घ्यायची, त्याला आत घ्यायची, आणि कायेटान भिंतीकडे तोंड करायचा.

“अरे, बोल तरी. शिव्या तरी घाल.”

सेराफिन मग बुर्गीशी हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा.

शेवटी डॉक्टर बाईंनीच त्यात तेल ओतलं. तिनं विचारलं होतं, कायेटानबरोबर सांडपाण्यात काम करणारा कुणी असेल तर त्याच्या शौचाचा नमुना तपासू द्या. जंतू किती जणांच्या पोटात असतो ते आम्हाला बघायचंय. सेराफिननं डबा इतक्या उत्साहानं भरून दिला की जणू प्रायश्चित्तच. निकाल आला तेव्हा तो धावतच घरी आला.

“कायेटान! माझ्यातही सापडला! तोच! डॉक्टरीण म्हणाली, बऱ्याच जणांच्या पोटात असतो, काही करत नाही, नुसता राहतो आणि जातो. एखाद्यालाच पाडतो, का ते कुणालाच नीट ठाऊक नाही. मला औषधही नको म्हणाली.” आणि मग, अगदी भावाभावाच्या स्वरात, “म्हणजे आपण दोघंही, बघ!”

कायेटाननं भिंतीकडून तोंड फिरवलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

“वा,” तो म्हणाला. “तुझ्या पोटात पाहुणा, माझ्या पोटात दरोडेखोर. एकाच टाकीतून आलेला. खुर्ची घेतलीस, टुबा घेतलास, आजारसुद्धा घेतलास. फक्त दुखणं तेवढं माझ्याकडे ठेवलंस.”

“ते माझ्या हातात आहे का रे?”

“नाही,” कायेटान म्हणाला. “ते नाही.”

वसंतात तो बँडमध्ये परत गेला. रोमेडनं टुबा स्वतः आणून दिला, फुलं लावून. ती कुंड्यांतली होती की मयतासाठी आणलेली, हे विचारण्याचा मोह मी आवरला. कायेटान आपल्या खुर्चीवर बसला, सेराफिन शेजारच्या. दोघं बोलायचे. “पान उलट.” “सरक.” एवढंच. बँड पुन्हा जमिनीवर उभा राहून वाजायला लागला आणि गावाला वाटलं, झालं, मिटलं.

मग म्हातारा रोखुस गेला. एकेकाळचा ढोलवाला, बँडचा मानकरी, नव्वदी ओलांडलेला. त्याला वाजवत पोचवायचं हे ठरलेलंच. रोमेड म्हणाला, तालमीची गरज नाही, मार्च तयार आहे. त्यावर कुणी मान वर केली नाही.

मी लोकांच्यात कबरीजवळ उभा होतो. सुरातलं न कळणाऱ्या मलासुद्धा कळलं की असा मार्च आमच्या बँडनं आजवर वाजवला नव्हता. पलीकडच्या गावचे लोक टोप्या काढून ऐकत होते. शवपेटी दारातून बाहेर आल्यावरच ढोल वाजला. मार्चच्या मध्यावर एक जागा आहे. तिथं सगळी वाद्यं थांबतात आणि टुबा एकटाच सुरांच्या काही पायऱ्या खाली उतरतो. कायेटाननं श्वास घेतला आणि तो उतरायला लागला.

आणि सगळ्या बँडनं माना खाली घातल्या.

सगळ्यांनी, एकदम. वाद्यं छातीशी धरून, डोळे मिटून. रोमेडनं काठी उभी धरून कपाळाला लावली. ट्रम्पेटवाल्यांनी एका हातानं टोप्या काढल्या. सेराफिन तर ढसाढसा रडत होता. कायेटान वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघत होता. नंतर आम्हाला कळलं ते असं. त्यांनी ठरवलं होतं की कायेटानच्या मयताला बाकीचा टुबा सेराफिननं वाजवायचा, पण ही टुब्याची जागा रिकामी सोडायची. कुणी वाजवायची नाही, नुसतं खाली मान घालून उभं राहायचं. इतके शुक्रवार तसं केल्यावर माना आपोआपच खाली गेल्या. टुबा वाजत होता, तरीही.

तो एकही सूर चुकला नाही. पण मी त्याला इतका पांढरा झालेला आजारपणातसुद्धा बघितलं नव्हतं.

मयतानंतरचं जेवण खानावळीत होतं. सेराफिन नेहमीप्रमाणे कायेटानजवळ येऊन बसला, डोळे सुजलेले. कायेटाननंच तोंड उघडलं.

“चांगलं केलं असतं रे तुम्ही माझं.”

“हो,” सेराफिन म्हणाला. “खूप चांगलं केलं असतं.”

“तू असाच रडला असतास?”

“दर शुक्रवारी रडायचो. विचार कुणालाही.”

“मग एकदा माझ्या खोलीत का नाही रडलास?”

सेराफिन टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करायला लागला.

“तुला वाटत होतं मी मरतोय. ते तू रोमेडला सांगितलंस, ढोलवाल्याला सांगितलंस. मला व्हॉल्व्हचं सांगितलंस.”

“आणि काय सांगायचं होतं? मरतोयस म्हणून? काय केलं असतंस तू?”

कायेटाननं थोडा विचार केला. तो कधी उगाच बोलत नाही.

“घाबरलो असतो,” तो म्हणाला. “तू शेजारी असताना घाबरलो असतो. बुर्गीसमोर मला घाबरता येत नव्हतं, ती आधीच घाबरलेली. तू ‘उठशील तेव्हा’ म्हणालास, मग तुझ्यासमोरही मला शूर व्हावं लागलं. सगळं घाबरायचं राहिलं, ते मी रात्री एकट्यानं घाबरलो.”

सूप आलं. सेराफिननं चमचा उचलला आणि तसाच धरून बसला. कायेटाननं आपली वाटी घेतली, उठला आणि खिडकीजवळच्या टेबलावर रोखुसच्या दोन सुनांच्या मधे जाऊन बसला. तिथं त्यानं सूप संपवलं, आणखी मागितलं, तेही संपवलं. त्या बायकांना म्हाताऱ्याच्या आठवणी सांगायच्या होत्या, आणि तो मान हलवत सगळ्या ऐकत राहिला.